पाण्याखालची जमीन, पाण्यातली माणसं

तुमच्या हातांना राबाच्या राखेचा वास येतोय. शिमग्याआधीपासून तुम्ही रानातून ऐन-किंजळीचं कवळ तोडून डोक्यावरून खाली आणलंत. आधी शेण, त्यावर कवळ, मग पालापाचोळा, गवत आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर असा राब रचलात. वारा पडल्यावर तो वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवलात आणि रात्रभर धुमसू दिलात. धडाडून पेटला तर राख उडून जाते आणि जमीन भाजतच नाही, हे तुमच्या बापानं तुम्हाला शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. मृग लागताना या राखेवर आंबेमोहोराचं बी पडेल, एका महिन्यात रोप वीतभर होईल आणि मग लावणी. गेली कित्येक वर्षं असंच चाललं आहे.

यंदा मात्र तुमच्या खाचराच्या मधोमध चर खणला आहे. तुम्हाला कुणी विचारलं नाही. नोटीस आली असली तरी ती वाचणारं घरात कुणी नाही. धरणाची आखणी करणारी माणसं आली, खुंट्या ठोकल्या आणि खणायला लागली.

तारीख 16 एप्रिल 1921, शनिवार, रामनवमी. गाव मुळशी पेट्यातलं, निळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यातलं. पुढं नकाशावर ते सापडणार नाही.

घरात रामाला हात जोडता आणि बाहेर पडता. वाटेवर शेजारच्या वाडीची माणसं भेटतात, मग त्यापुढच्या गावाची. बायका आहेत, कडेवर पोरं आहेत, काठी टेकत निघालेल्या म्हाताऱ्या आहेत. धरणाच्या जागेपर्यंत पोचताना तुम्ही सुमारे बाराशे झालेले असता. पुण्याहून आलेले पुढारी पुढं चालत असतात. त्यांनी बजावलं आहे की हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, जाऊन बसायचं. ‘जान किंवा जमीन’ ही शपथ तुम्ही सभेत घेतली आहे. तेव्हा ती सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणता आली. आता खणलेल्या मातीवर बूड टेकताना तिचा अर्थ पोटात उतरतो. कुदळी थांबतात. एप्रिलचं ऊन वर चढतं. कुणीतरी पाण्याची घागर फिरवतं. तुम्ही उठत नाही.

सत्याग्रह हा शब्द तुम्ही नुकताच ऐकलाय. तुमच्या नावापुढं मात्र यापुढं स्वयंसेवक लागणार. गावात जेवण कुणाकडं शिजवायचं, तुरुंगात गेलेल्याची जनावरं कुणी सांभाळायची, पुण्याहून आलेल्या माणसाला रात्री कुणाच्या पडवीत झोपवायचं, हे सगळं तुम्ही बघणार. भाषणं दुसरे करतील.

हे धरण अचानक आलेलं नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. आत्याला लोणावळ्याकडे दिली आहे. तिनं सांगितलं होतं, 8 फेब्रुवारी 1911 रोजी मुंबईचा गव्हर्नर लोणावळ्याला आला आणि टाटांच्या वीज योजनेचा पाया घातला गेला. मग लोणावळा, वळवण आणि शिरवता इथं पाणी अडवलं. 1915 मध्ये ते पाणी सह्याद्रीवरून नळांतून खाली खोपोलीला सोडलं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. त्यानंतर आंदर मावळात ठोकळवाडीचं धरण सुरू झालं, त्याचं पाणी भिवपुरीला जाणार. आता तुमची पाळी, तुमचं पाणी भिऱ्याला.

युक्ती साधी आणि अफाट आहे. मावळातल्या नद्या उगम पावतात घाटाच्या कड्याजवळ, पण वाहतात पूर्वेला, भीमेकडे. कड्याच्या पलीकडे सुमारे पाचशे मीटर खाली कोकण आहे. नदीला उगमाजवळच अडवायचं, तोंड पश्चिमेला फिरवायचं आणि त्या उतारावरून सोडायचं. वीज होते. फक्त पाणी साठायला जागा लागते आणि मावळात सपाट जागा म्हणजे भाताची खाचरं. डोंगरावर नाचणी-वरई पिकते, गवत उगवतं. पोट भरतं ते खोऱ्यातल्या भातावर. म्हणून धरण जेव्हा मावळातली जमीन घेतं, तेव्हा नेमकी तीच घेतं. डोंगर शिल्लक राहतो आणि माणसं तिथं चढतात.

नुकसानभरपाई मिळेल, असं सांगतात. 1894 चा कायदा आहे, त्याप्रमाणे पैसे देतात. पण तुमची जमीन सावकाराकडे गहाण आहे, त्यामुळे पैशावर आधी त्याचा हात. सावकाराला जमिनीपेक्षा रोकड बरी वाटते आणि त्याचा आवाज सरकारदरबारी तुमच्याहून मोठा आहे. लढ्याला पुण्यातून माणसं मिळाली हे खरं, लढ्याच्या विरुद्धही पुण्यातूनच मिळाली हेही खरं. या खोऱ्यातली सुमारे पन्नास गावं आणि अकरा हजारांच्या आसपास माणसं उठणार आहेत.

तुम्ही महिनाभर काम अडवून धरता. गांधीजी ‘यंग इंडिया’त मुळशीबद्दल लिहितात, टाटांना विनवतात. मे महिन्यात सहा महिन्यांची तडजोड होते. तुम्ही घरी येता, बी पेरता, लावणी करता. ते पीक काढताना तुमच्या मनात काय असेल याची मी कल्पना करू शकतो, त्यापुढं जाऊ शकत नाही. डिसेंबरात काम पुन्हा सुरू होतं आणि तुम्हीही पुन्हा जाऊन बसता. आता धरपकड होते, तुरुंग होतो. विनायकराव भुस्कुटे लढा चालवतात. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट येतात आणि याच लढ्यात लोक त्यांना सेनापती म्हणू लागतात. हळूहळू गावं गळतात. कुणी पैसे घेतं, कुणी थकतं, कुणाला घरात चूल पेटवायची असते. डिसेंबर 1924 मध्ये बापट रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवतात आणि सात वर्षांसाठी आत जातात. 1927 पर्यंत धरण उभं राहतं.

पाणी चढतं तेव्हा आवाज होत नाही. आधी नदीकाठची करंज बुडते, मग खालचं खाचर, मग बांध, मग जिथं राब भाजला ती वरची पट्टी. दिवाळीत तुम्ही वरच्या माळावर खोप टाकून बसलेले असता.

सेनापती बापटांच्या नावाचा रस्ता आज मुंबईत आहे आणि पुण्यातही आहे. तो हवाच. पण त्या रामनवमीला मातीवर बसलेल्या बाराशे जणांची यादी आपल्या कुठल्या शाळेच्या भिंतीवर लावलेली मी पाहिली नाही. ज्यांनी सगळं दिलं ते ‘मावळे’ या एका शब्दात बसवले गेले. तो शब्द आदराचा आहे, तरीही त्यात माणसाचा चेहरा दिसत नाही.

काळ पुढं जाऊ द्या. 1989 चा जुलै, नाणे मावळ. आता तुम्ही बाई आहात. या खोऱ्याची निम्म्याहून जास्त शेती बाईच्या वाकलेल्या पाठीवर होते, त्यामुळे इथून थोडा वेळ तुम्ही त्या पाठीनं चाला.

पहाटेपासून पाऊस आहे. मावळात लावणीच्या दिवसांत पाऊस पडतो असं कुणी म्हणत नाही, तो असतोच. डोंगर दिसत नाही, समोरचा बांध दिसतो. डोक्यावरून खाली कमरेपर्यंत तुम्ही इरलं घेतलंय. बांबूच्या कांबींवर पानं विणलेलं, सासूबाईंच्या हातचं. शेजारच्या दोघींनी प्लास्टिकची खोळ घेतली आहे, ती हलकी असते पण वाऱ्याला थांबत नाही. मालक पुढं बैलांमागं चिखलणी करतायत. गुडघाभर चिखलात बैल पाय उपसतात तेव्हा ‘भक्’ असा आवाज येतो. रोपाच्या मुठी बांधावरून तुमच्या मागं भिरकावल्या जातात. एक मूठ डाव्या हातात, उजव्या हाताच्या तीन बोटांनी तीन-चार काड्या सुटवायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या, मागं सरकायचं. पुढं बघायचं नाही. किती झालं ते बघितलं तर पाठ दुखते, असं थोरल्या जाऊबाई म्हणतात.

पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात. रात्री तेल-हळद लावायची आणि सकाळी पुन्हा पाय चिखलात घालायचा. हातातलं रोप इंद्रायणीचं आहे. दोन वर्षांपूर्वी, 1987 मध्ये, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं हा वाण दिला. आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातला. आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यापावसात आडवा होतो, उतारा कमी देतो. इंद्रायणी बुटका आहे, उभा राहतो, पिकतोही जास्त आणि शिजताना वास देतो. घरातली म्हातारी म्हणते, आंबेमोहोराची सर नाही. तरी यंदा दोन खाचरं इंद्रायणीची, कारण पोरांची शाळा आहे. तुम्हाला अजून माहीत नाही, पण पुढच्या तीस वर्षांत पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘इंद्रायणी’ हे नाव मावळापेक्षा जास्त ओळखीचं होणार आहे.

आज मात्र तुम्ही स्वतःच्या खाचरात नाही. हे खाचर त्या घरचं आहे जिथला कर्ता माणूस वैशाखात गेला. बाई एकटी, दोन लहान पोरं, बैल विकलेले. रोप पिवळं पडायला लागलं होतं. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी देवळात बसलेल्या माणसांत तुमच्या मालकांनी एवढंच म्हटलं, “वहिनींची लावणी राह्यलीय. सोमवारी इर्जिक घालू.” कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सोमवारी सकाळी बांधावर सात नांगर आणि वीस-बावीस बाया उभ्या होत्या.

इर्जिकीला मजुरी नसते. सावडीत आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं असा फेर असतो. इर्जिकीत तोही नसतो, ज्याच्यासाठी घातली त्यानं फक्त जेवण द्यायचं. आज ते जेवणही बाकीच्या घरांतून आलंय. दुपारी पडवीत पंगत बसते. नाचणीच्या भाकरी, सुकटीची चटणी, डाळीचं पाणी. ती बाई वाढायला उभी राहते आणि तिला रडू येतं. थोरल्या जाऊबाई तिच्या हातातली टोपली घेतात आणि म्हणतात, “बस गं. पाऊस थांबायच्या आत खालची पट्टी उरकायचीय.”

संध्याकाळी पाचपर्यंत सगळी लावणी झालेली असते. तुम्ही घरी येऊन गोठा बघता, चूल पेटवता. मालक जेवून पुन्हा बाहेर पडतात, कारण सप्त्याची बैठक आहे आणि शाळेच्या पत्र्यांची वर्गणीही करायची आहे. ते सरपंच नाहीत, कुठल्या पक्षाचे नाहीत. गावात मयत झालं की लाकडाची मोळी तेच बांधतात, पालखीला जाणाऱ्या दिंडीचा तंबू तेच ठोकतात, रात्री बाळंतीण अडली की बैलगाडी तेच जुंपतात. तुम्ही कधी चिडता, म्हणता, “घरचं कोण बघणार?” ते हसतात. घरचं तुम्हीच बघता. त्यांच्या समाजसेवेतला अर्धा वाटा तुमचा आहे आणि तो कुठल्याही सत्कारात सांगितला जात नाही, म्हणून तो मी इथं सांगतो.

आणखी पुढं या. 9 ऑगस्ट 2011, क्रांतिदिन. पवन मावळ. पवना धरणाला इथं चाळीसेक वर्षं होत आली. तुंग, तिकोना आणि लोहगडाच्या पायथ्याच्या खाचरांवर ते पाणी उभं आहे. जमिनी गेलेल्यांतले कितीतरी जण पुनर्वसनासाठी चपला अजून झिजवतायत. आता त्या धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीनं पाणी न्यायचं ठरलंय. आजवर पाणी नदीतून जात होतं, काठावरचा शेतकरी त्यावर मोटर टाकत होता. नळातून गेलं तर नदीत काय राहणार, हा तुमचा प्रश्न. तो विचारायला तुम्ही बऊरजवळ द्रुतगती मार्गावर येऊन बसता. जमिनीसाठी मातीवर बसण्याची ही रीत मावळात नव्वद वर्षं जुनी आहे. इथं मात्र गोळीबार होतो. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे हे तिघं जातात. त्या वर्षीची लावणी झालेली होती. त्यांची भातं दिवाळीत दुसऱ्यांनी कापली.

यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ही तीन नावं पाठ असावीत.

आता अगदी अलीकडे या. 30 जून 2024, रविवार. लोणावळ्यात पाऊस लागलाय. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेनं बांधलेलं भुशी धरण आज गर्दीचं ठिकाण आहे. धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात उभं असलेलं एक कुटुंब लोंढ्यात सापडतं आणि पाच जण वाहून जातात, त्यांत चार मुलं.

तुम्ही खाचरात बांध घालत असता. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत. फोन वाजतो. निरोप एका वाक्याचा असतो: कुठं, किती जण, किती वेळ झाला. तुम्ही फावडं बांधावर टेकवता, घरी ओरडून सांगता आणि दुचाकीला लाथ मारता. शिवदुर्ग मित्र, लोणावळा, या संस्थेची मुलं जमायला लागलेली असतात. त्यांत दुकानदार असतात, नोकरदार असतात, शेतकरी असतात. पगार कुणालाच नाही. दोर, कॅरॅबिनर, लाइफ जॅकेट, बोट आणि लोखंडी गळ.

गळ टाकणं मोठ्या संयमाचं काम आहे. चार-पाच आकड्यांचा लोखंडी गळ लांब दोराला बांधलेला असतो. तो पाण्यात सोडायचा, तळाला टेकला हे बोटांना कळू द्यायचं आणि मग सावकाश ओढत आणायचं. दोर बोटांशी बोलतो. दगडाला अडकला तर ताठ होतो आणि सुटत नाही. झाडाच्या फांदीला लागला तर लवलवतो. कापडाला लागला की जड होतो आणि ओढला की मागं येतो. त्या क्षणी कुणी काही बोलत नाही. काठावर नातेवाईक उभे असतात, त्यांच्याकडे बघायचं नाही हेही शिकावं लागतं. तो जडपणा मनगटात भरला की तुम्ही दोर सावकाश घेता, झटका देत नाही, कारण त्या टोकाला कुणाचं तरी लेकरू असतं आणि ते जखम न होता आईकडे द्यायचं असतं.

अंधार पडल्यावर काम थांबतं, सकाळी पुन्हा सुरू होतं. घरी आल्यावर आंघोळ करूनच उंबरा ओलांडता. रोप वाट बघत असतं.

पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 ला, तोही रविवार, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनं कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. गावकऱ्यांना पलीकडे जाता यावं म्हणून असलेला तो अरुंद पूल होता. बचाव पथकं येण्याआधी पाण्यात उड्या टाकणारे तिथले गावकरीच होते.

मावळाच्या शंभर वर्षांत तुम्ही चार वेळा उतरलात. ज्या पाण्यानं जमीन घेतली त्याच पाण्यात हा माणूस परक्याचं पोर शोधायला उतरतो. मला मावळच्या शेतकऱ्याबद्दल सांगायचं आहे ते हेच. त्याच्याकडं रागावायला भरपूर कारण होतं. तो हक्कासाठी रस्त्यावर बसला आणि तरीही फोन वाजला तेव्हा त्यानं फावडं ठेवलं. लढणं आणि धावून जाणं ही त्याच्यासाठी दोन वेगळी कामं नव्हती. राब भाजतानाही माणूस शेजाऱ्याच्या गवतावर ठिणगी जाऊ नये म्हणून रात्रभर जागतो, शेतीच त्याला हे शिकवते.

आणि ही माणसं आता थोडी उरली आहेत. खाचरांच्या जागी बंगल्यांची कुंपणं आलीत, बैल गेले, लावणीला यंत्रं किंवा परगावचे मजूर येतात. ज्यांनी इर्जिक घातली त्या पिढीतली अनेक माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या कामाची कागदावर नोंद नाही. ते गेले की गावात तेराव्याला भजन होतं, चार माणसं आठवण काढतात आणि पुढच्या लावणीला त्यांची जागा रिकामी राहते.

म्हणून दोन विनंत्या. मावळात तुमचं कुणी म्हातारं असेल, आजी असो, काका असो, गावचा कुणी असो, तर एक दिवस त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. बुडालेल्या गावाचं नाव काय, घर नदीच्या कुठल्या अंगाला होतं, पाणी कुठल्या वर्षी चढलं, इर्जिकीला कोण कोण आलं होतं, बाळंतिणीला गाडीत कुणी नेलं. नावं पूर्ण लिहा, बायांचीही. आणि पावसात लोणावळ्याला फिरायला आलात आणि धबधब्याच्या तोंडाशी एखादा चिखलानं भरलेला माणूस म्हणाला, “साहेब, पुढं जाऊ नका,” तर त्याच्याशी वाद घालू नका. मागं फिरा. पाणी कुठून आणि किती वेगानं येतं, हे त्याला तुमच्या-माझ्याहून जास्त माहीत आहे.